"पाटी वाच": जुन्या विमानाचा सुटा भाग, त्याचा कागद आणि सहीचे ओझे

१/
जव्हारचा जय विलास राजवाडा पाहायला येणाऱ्यांना एक गोष्ट क्वचितच ठाऊक असते. या संस्थानाचे अखेरचे सत्ताधारी राजे, यशवंतराव मार्तंडराव मुकणे, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वायुदलात अधिकारी होते. फ्लाइट लेफ्टनंट हा त्यांचा हुद्दा. आजचा धागा मात्र राजांविषयी नाही. त्या पिढीची छोटी विमाने आज उडवायची झाली, तर त्यांच्या एकेका सुट्या भागाची हमी कोण देतो आणि कशाच्या बळावर देतो, याविषयी आहे.

२/
मी मूळचा मोखाड्याचा. पोटापाण्याने विमान देखभाल अभियंता आणि हौसेने इतिहासाचा वाचक. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे, असे मला कित्येक वर्षे वाटले नव्हते. तो संबंध एका प्रसंगाने दाखवून दिला, आणि त्या प्रसंगात मी चुकता चुकता वाचलो. तो प्रसंग सांगण्यासाठीच हा धागा. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

३/
सुरुवात जव्हारपासूनच करू. संस्थानाच्या स्थापनेची दंतकथा आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्येही ती नोंदलेली आहे. जायबांनी इथल्या सरदाराकडे एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. शब्द मिळाला. मग त्यांनी कातड्याच्या बारीक वाद्या कापल्या, एकीला एक जोडल्या आणि त्यांच्या घेरात मोठा मुलूख घेतला. कार्थेज वसवणाऱ्या डिडो राणीबद्दलही हुबेहूब हीच कथा सांगतात.

४/
तेव्हा ही घटना इतिहास म्हणून कोणी घेऊ नये. पण कथेचा गाभा कराराचा आहे. शब्द देणाऱ्याने "मावेल" म्हणजे नेमके काय, हे आधी ठरवून घेतले नाही. त्याची किंमत त्यालाच मोजावी लागली. विमानाच्या कागदांवरही असेच साधे दिसणारे शब्द असतात: "ओव्हरहॉल केले", "दुरुस्त केले", "तपासले". त्यांतल्या कोणत्या शब्दाखाली आपण सही केली, यावर पुढे कोणाचा तरी जीव आणि कोणाचे तरी दायित्व ठरते.

५/
माझ्या वडिलांचे जव्हारला छोटे गॅरेज होते. जीप, ऑइल इंजिन, भातगिरणीची मोटर, जे येईल ते दुरुस्त व्हायचे. पावती कधी फाडली गेली नाही. "बिघडलं तर परत आण" हीच हमी. ती खोटी नव्हती. लोक परत यायचे आणि वडील पैसे न घेता पुन्हा इंजिन उघडायचे. पण तोरंगण घाटात जीप बंद पडली, तर ती कडेला उभी राहते. गिऱ्हाईक चालत येऊन चार शब्द सुनावू शकते. हवेत बंद पडलेल्या इंजिनाला ती सोय नाही.

६/
कागदाविषयी दुसरा धडा मोखाड्याने दिला. वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम २००८ चे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसत असल्याचे दाखवायचे होते. आमच्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या नागली आणि वरई पिकवणाऱ्यांकडे कागदाचा तुकडा नव्हता. नियमांनी मात्र एक दार उघडे ठेवले होते: गावातील वृद्धांचा लेखी नोंदवलेला जबाब पुरावा म्हणून ग्राह्य. २००९ च्या मे महिन्यात सुट्टीवर आलो असताना असे काही जबाब मी लिहून घेतले.

७/
त्यात एक आजी होत्या. "ही जमीन त्याचीच" एवढे एकच वाक्य त्या पुनःपुन्हा सांगत. ते लिहून काही साधत नव्हते. मग मी प्रश्न विचारू लागलो. बांध कोणी घातला? कोणत्या झाडाखाली भाकर खायचात? मोठा दुष्काळ पडला तेव्हा तिथे काय पेरले होते? हळूहळू एका वाक्यातून दोन पाने झाली. शेवटी त्यांनी अंगठा उठवला. त्या दोन पानांमागे आता एक माणूस उभा होता, आणि त्याला कोणीही जाऊन पुन्हा विचारू शकत होते.

८/
आता हँगरकडे वळू. भारतात छोट्या जुन्या विमानांच्या दोन पिढ्या ओळखायला हव्यात. पहिली टायगर मॉथची: लाकूड, पोलादी नळ्या आणि कापड यांचे दोन मजली पंखांचे विमान, पहिले उड्डाण १९३१ चे. महायुद्धात भारतातील प्राथमिक वैमानिक प्रशिक्षण मुख्यतः यावरच झाले. युद्ध संपल्यावर यांतली कित्येक विमाने नागरी फ्लाइंग क्लबांकडे आली आणि एका पिढीने त्यांच्यावर हात बसवला.

९/
दुसरी पिढी पुष्पकची. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टने बनवलेले दोन आसनी विमान, पहिले उड्डाण सप्टेंबर १९५८ मध्ये. पोलादी नळ्यांचा सांगाडा, कापड चढवलेले पंख आणि अमेरिकेच्या काँटिनेंटल कंपनीचे सुमारे ९० अश्वशक्तीचे इंजिन. देशभरच्या क्लबांत याच विमानाने असंख्य तरुणांना पहिल्यांदा एकट्याने उडवले. आज यांतली बहुतेक विमाने संग्रहालयांत किंवा कुठल्याशा प्रवेशद्वाराशी खांबावर चढवलेली दिसतात.

१०/
खांबावरचे विमान आणि उडणारे विमान यांत फरक कशाचा? यंत्राचा आहेच, पण त्याहून अधिक नोंदींचा. १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांनी भारतातील नागरी विमानाला उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र बंधनकारक केले. २०२५ च्या पहिल्या दिवसापासून त्या कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. तत्त्व तेच राहिले: विमानाने आपली योग्यता सतत सिद्ध करत राहायचे, आणि ती सिद्ध करणारा माणूस परवानाधारक असला पाहिजे.

११/
इतिहासाच्या अभ्यासकाला विमानाची लॉगबुके पाहून हेवा वाटावा. विमानाचे एक, इंजिनाचे दुसरे, पंख्याचे तिसरे. कोणत्या दिवशी किती तास उडाले, काय उघडले, काय बदलले, कोणाच्या सहीने पुन्हा जोडले, हे सारे तारीखवार. तो जणू विमानाचा सातबारा आणि फेरफार एकत्र. मधली चार वर्षे कोरी असतील, तर त्या चार वर्षांत काहीच घडले नाही असे आपण समजत नाही. काय घडले ते सिद्ध करता येत नाही, असे समजतो.

१२/
सुट्या भागासोबत एक स्वतंत्र प्रमाणपत्र येते. आपल्याकडे त्याला सीए फॉर्म वन म्हणतात. युरोपात आणि अमेरिकेत त्याची भावंडे आहेत. त्यावर भागाचे नाव, भाग क्रमांक, अनुक्रमांक. अकराव्या रकान्यात काय केले तो शब्द: नवा, ओव्हरहॉल, दुरुस्त, तपासलेला की बदल केलेला. बाराव्या रकान्यात शेरा: कोणत्या पुस्तिकेनुसार, तिच्या कोणत्या आवृत्तीनुसार. आणि खाली सही, परवानगी क्रमांकासह.

१३/
कातड्याच्या कथेतला "मावेल" इथे अकराव्या रकान्यात बसलेला असतो. "दुरुस्त" म्हणजे जे बिघडले तेवढेच नीट केले. "तपासले" म्हणजे पाहिले आणि चालते आहे. "ओव्हरहॉल" म्हणजे पूर्ण सुटे केले, धुतले, प्रत्येक तुकडा मोजला, ठरावीक तुकडे नव्याने घातले, पुन्हा जोडले आणि चाचणी घेतली. नुसते साफ करून रंग दिलेल्या भागापुढे "ओव्हरहॉल" लिहिणे ही दायित्वाच्या दृष्टीने खोटी साक्ष आहे.

१४/
आणखी एक बारकावा. याच प्रमाणपत्रावर छापलेले असते की हा कागद म्हणजे भाग बसवण्याची आपोआप मिळालेली परवानगी नव्हे. तो या विमानाला चालतो की नाही, हे बसवणाऱ्याने ठरवायचे. म्हणजे दायित्वाची साखळी अशी: कार्यशाळा आपल्या कामाला बांधील, बसवणारा अभियंता निवडीला आणि जोडणीला, आणि विमानाचा मालक त्याच्या एकूण निगेला. कोणीही दुसऱ्याच्या सहीमागे पूर्णपणे लपू शकत नाही.

१५/
आता तो प्रसंग. २०१२ चा हिवाळा. मी परवाना मिळून फार वर्षे न झालेला अभियंता. एका संस्थेने (नाव सांगणार नाही) आपले वर्षानुवर्षे उभे असलेले पुष्पक एका वर्धापनासाठी पुन्हा उडते करायचे ठरवले. वेळ थोडा, उत्साह मोठा. कापड नवे चढले, इंजिन कार्यशाळेतून आले. अडले ते मॅग्नेटोपाशी. अशा इंजिनाला दोन मॅग्नेटो लागतात. हे ठिणगी निर्माण करणारे लहानसे जनित्र. एक बंद पडले तरी दुसऱ्यावर इंजिन चालावे, म्हणून दोन.

१६/
आमच्यापुढे दोन मॅग्नेटो होते. पहिला स्टोअरमधून आला: पिशवीत सीलबंद, सोबत स्वच्छ कार्ड, ओव्हरहॉलचा शेरा, सही, शिक्का. दुसरा एका लाकडी पेटीतून आला. ती पेटी आमच्या हँगरमधल्या निवृत्त मेकॅनिकची. त्यांना सगळे मास्तर म्हणत. चाळीस वर्षे त्यांनी याच जातीची इंजिने उघडली होती. हा मॅग्नेटो त्यांनी स्वतः ओव्हरहॉल करून जपून ठेवला होता. कागद एकही नव्हता.

१७/
मी पहिला स्वीकारला आणि दुसरा नाकारला. मास्तर दुखावले.
"अरे, मी स्वतः केलंय. माझ्या हाताचं आहे."
"मास्तर, मला ठाऊक आहे. पण लिहू काय?"
"लिही, मास्तरांनी केलंय."
मी गप्प राहिलो. वरिष्ठांपैकी एकाने बाजूला घेऊन सुचवले की सही कर, उडेल छान, कोण विचारतो? त्या क्षणी मला वडिलांचे गॅरेज आठवले आणि आपण उगाच ताठरपणा करतो आहोत असेही वाटले. तरी सही केली नाही.

१८/
मग मी पहिल्या मॅग्नेटोची नोंद लॉगबुकात उतरवू लागलो. कार्डावरचा अनुक्रमांक पाहून लिहिला. तारीख लिहिली. सहीसाठी पेन टेकवणार, तोच मागून मास्तरांचा आवाज आला.
"पाटी वाचलीस का?"
मॅग्नेटोच्या अंगावर एक लहानशी धातूची पाटी असते, तिच्यावर क्रमांक ठोकलेला असतो. मी वाचली नव्हती. कार्ड इतके नीटनेटके होते की धातूकडे पाहण्याची गरजच भासली नव्हती.

१९/
त्यांनी टॉर्च माझ्या हातात दिला. पाटीवरचा अनुक्रमांक कार्डाशी जुळत नव्हता. एक अंक वेगळा. लिहिताना झालेली चूक म्हणून सोडून द्यावी इतका लहान फरक. पण जुनी स्टोअर नोंदवही काढली, तेव्हा त्या दोन्ही क्रमांकांचे दोन वेगळे मॅग्नेटो एकेकाळी संस्थेकडे असल्याचे दिसले. कार्ड एकाचे होते, पिशवीतला भाग दुसरा. कोणी मुद्दाम केले की कुठल्या दुपारी गोंधळात अदलाबदल झाली, हे आम्हाला कधीच कळले नाही.

२०/
माझी अवस्था काय झाली असेल, ते सांगायला नको. ज्यांचा भाग मी कागद नाही म्हणून नाकारला, त्यांनीच मला कागदावरच्या अंधविश्वासातून वाचवले होते. सही झाली असती, तर त्या भागाची सगळी जबाबदारी माझ्या परवान्यावर आली असती. पुढे अपघात झाला असता, तर चौकशीत पहिला प्रश्न हाच आला असता: बसवताना पाटी पाहिली होती का? आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

२१/
दोन्ही मॅग्नेटो मान्यताप्राप्त कार्यशाळेकडे पाठवायचे ठरले. त्याआधी एका संध्याकाळी मी मास्तरांसमोर वही घेऊन बसलो. मोखाड्यातल्या आजी डोळ्यांपुढे होत्या. "मी केलंय" या वाक्यावर न थांबता विचारू लागलो. केव्हा उघडला? बेअरिंग कुठून आणली? पॉइंट्स नवे की घासलेले? कॉइलची चाचणी कशावर घेतली? टायमिंग कोणत्या पुस्तिकेवरून लावले? मास्तर आधी चिडले, मग रंगले.

२२/
आठव्या की नवव्या प्रश्नाला ते थांबले. म्हणाले, "कंडेन्सर मात्र गाडीचा टाकला रे. विमानाचा मिळेना. माप तेच होतं." मी तसेच लिहिले. "मी स्वतः केलंय" या वाक्यात हा कंडेन्सर दडलेला होता. त्यांना फसवायचे नव्हते. कोणी विचारलेच नव्हते, म्हणून सांगायचे राहिले. त्यांनी सगळे वाचून पाहिले आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली. ते प्रमाणपत्र नव्हते. तो जबाब होता. मी तो भागासोबत जोडून पाठवला.

२३/
कार्यशाळेचा निकाल असा आला. सीलबंद पिशवीतला मॅग्नेटो: बेअरिंग झिजलेली, कॉइलचे आवरण कमकुवत, वापरास अयोग्य. मास्तरांचा मॅग्नेटो: सर्व मापे मर्यादेत, काम उत्तम, फक्त कंडेन्सर मान्य यादीतील नाही. त्यांनी तो पूर्ण उघडून पुन्हा नियमानुसार ओव्हरहॉल केला, कंडेन्सर बदलला आणि स्वतःच्या सहीने प्रमाणपत्र दिले. पहिल्याच्या जागी दुसरीकडून कागदपत्रांसह भाग मागवावा लागला. वर्धापन हुकले. पुष्पक तीन महिने उशिरा उडाले.

२४/
मास्तर त्या दिवशी धावपट्टीच्या कडेला उभे होते. इंजिन तापल्यावर वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेरे किंचित उतरतात आणि पुन्हा चढतात. मास्तर डोळे मिटून ते ऐकत होते. माझ्याशी काही बोलले नाहीत. जाताना एवढेच म्हणाले, "आता माझ्या पेटीतल्या बाकीच्यांचंही लिहून घे." पुढच्या काही रविवारांत ते काम झाले.

२५/
यातून कागद आणि धातू जुळले की झाले, असे वाटू लागेल. मलाही वाटले होते. वर्षभराने, १६ डिसेंबर २०१३ रोजी, ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड किनाऱ्यालगत साउथ स्ट्रॅडब्रोक बेटापाशी एक टायगर मॉथ हवेतच पंख तुटून कोसळले. वैमानिक आणि प्रवासी दोघेही गेले. खालच्या पंखांना धडाशी बांधणाऱ्या दोन पोलादी सळ्या आट्यांपाशी तुटल्या होत्या, आणि तिथे धातूच्या थकव्याचे तडे आधीपासून होते.

२६/
त्या सळ्या मूळ कारखान्याच्या नव्हत्या. नंतर बनवलेल्या होत्या. पण बेकायदा नव्हत्या. सुटे भाग बनवण्याची रीतसर सरकारी मंजुरी त्यांना होती. ठरवून दिलेले २,००० तासांचे आयुष्य संपण्याआधीच त्या तुटल्या. ऑस्ट्रेलियाच्या अपघात तपास संस्थेने बोट ठेवले ते मंजुरीच्या प्रक्रियेवरही: भाग मूळ भागाइतका टिकेल का, याचा पुरेसा विचार झाला नव्हता. इथे कागद खरा होता, तो याच धातूचा होता, तरी त्याचा पाया कच्चा होता.

२७/
पण याच घटनेत नोंदींचे बळही दिसते. टायगर मॉथच्या मूळ आराखड्याची जबाबदारी आज इंग्लंडमधील डक्सफर्ड येथील डी हॅविलंड सपोर्ट ही संस्था सांभाळते. अपघातानंतर या सळ्या तपासण्याच्या, बदलण्याच्या सूचना निघाल्या. कोणत्या विमानात कोणत्या सळ्या आहेत हे शोधायचे कसे? लॉगबुके उघडून. ज्यांनी बसवलेल्या भागाचा उगम लिहून ठेवला होता, त्यांना उत्तर वहीत सापडले. ज्यांनी नव्हता लिहिला, त्यांना विमान उघडावे लागले.

२८/
आणि कागदच बनावट असेल तर? १९८९ मध्ये नॉर्वेच्या पार्टनेअर कंपनीचे कॉन्व्हेअर विमान डेन्मार्कजवळच्या समुद्रात कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले. उभ्या शेपटीच्या जोडणीत कमी ताकदीचे बनावट बोल्ट सापडले. २०२३ मध्ये ब्रिटनमधील एका पुरवठादाराने जेट इंजिनांच्या हजारो भागांसोबत खोटी प्रमाणपत्रे दिल्याचे उघड झाले. इतिहासात बनावट सनदा असतात, तशाच या. कागद पारखायची रीतही तीच: देणाऱ्याला थेट विचारावे, शिक्का ताडून पाहावा.

२९/
दायित्वाची घडी कायद्याने कशी बदलते, याचे एक बोलके उदाहरण अमेरिकेचे. छोटी विमाने दशकानुदशके उडतात, आणि कितीही जुन्या विमानाच्या अपघातात कारखान्यावर दावा लागू शकत असे. त्या खर्चाचा हवाला देत सेसना कंपनीने १९८६ मध्ये पिस्टन इंजिनांच्या विमानांचे उत्पादन थांबवले. १९९४ मध्ये कायदा झाला: अशा छोट्या विमानाच्या निर्मात्यावर साधारणपणे १८ वर्षांनंतर दावा करता येणार नाही.

३०/
त्यात दोन मेखा आहेत. एक, नवा भाग बसवला की त्या भागापुरती १८ वर्षे नव्याने मोजायची. दोन, हे संरक्षण निर्मात्यांना आहे. देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला नाही. परिणाम काय? विमान जितके जुने, तितके दायित्व कारखान्यापासून सरकत शेवटच्या सहीकडे येते. म्हणूनच अनेक कार्यशाळा पुराणकालीन इंजिनांना हात लावायला कचरतात. काम जमत नाही असे नाही. त्या सहीचा विमा परवडत नाही.

३१/
आपल्या पालघरशी जोडलेले एक नाव इथे घ्यायला हवे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीत घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात लोकांनी ते पाहिले, पण नोंदणी मिळाली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्यानंतर पालघर जिल्ह्यात विमान कारखान्यासाठी राज्य सरकारशी करारही झाला. ते विमान जुने नव्हते, नवे होते. तरी प्रश्न तोच: हे सुरक्षित आहे, असे कोणत्या नियमाखाली, कोणी म्हणायचे?

३२/
भारतीय वायुदलाने या प्रश्नाची वेगळी वाट काढली. त्यांच्या पुराण-विमान पथकात टायगर मॉथ आहे, हार्वर्ड आहे, आणि मे २०१८ मध्ये हिंडन येथे दाखल झालेले डकोटाही. ते ब्रिटनमध्ये पुन्हा उड्डाणक्षम केले गेले आणि त्याला "परशुराम" हे नाव दिले. कोकणी माणसाला ते लगेच आपले वाटावे. लष्करी विमाने नागरी कायद्याच्या कक्षेबाहेर असतात. पण तिथेही कोणीतरी नोंद करतो आणि कोणीतरी सही करतो. फक्त वही वेगळी.

३३/
आता आपल्यासारख्या इतिहासवेड्यांसाठी यातून काय घ्यावे? मी चार प्रश्नांची एक सवय लावून घेतली आहे. कागद आहे का? तो याच वस्तूचा आहे का? त्यावरचा शब्द नेमके काय सांगतो, आणि काय सांगत नाही? आणि सही करणाऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण होते का? मॅग्नेटो असो, ताम्रपट असो वा समाजमाध्यमावर फिरणारे जुने छायाचित्र, हे चार प्रश्न सर्वत्र चालतात.

३४/
पाचवा प्रश्न मास्तरांकडून शिकलो: ज्याच्याकडे कागद नाही, त्याला आपण विचारले का? त्यांची साक्ष प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नव्हती, आणि घेऊ नये असेच मी आजही म्हणेन. पण तिच्यामुळे कार्यशाळेला नेमके कुठे पाहायचे ते कळले. मोखाड्यातल्या आजींना कायद्याने साक्षीदार मानले. हँगरमध्ये मास्तरांना तसे मानणारा नियम नव्हता. वही मात्र होती, आणि लिहायला कोणाची मनाई नव्हती.

३५/
आपल्या ओळखीत कोणी जुन्या फ्लाइंग क्लबात, वायुदलात, एसटीच्या कार्यशाळेत किंवा गिरणीत काम केलेले असेल, तर त्यांच्याकडे जा. "तुम्ही काय केलं?" असे एकदाच विचारून थांबू नका, कधी, कशाने, कोणासोबत, काय मिळाले नाही म्हणून काय वापरले, हे विचारा. तारीख घाला, त्यांना वाचून दाखवा, सही घ्या. घरात एखादे लॉगबुक किंवा भागाचे कार्ड असेल, तर ते भागापासून वेगळे करू नका. आणि दोन्ही एकत्र असतील, तर आधी पाटी वाचा.

(धागा समाप्त. आपल्या घरच्या अशा नोंदी असतील, तर खाली जरूर लिहा.)